घाऊक खरेदीदारांशी समाजमाध्यमांतून संपर्क
हळद उत्पादकांच्या कंपन्यांसाठी काही व्यवहार्य सूचना

माल चांगला असला म्हणजे गिऱ्हाईक आपण होऊन दाराशी येते, ही समजूत अनेक शेतकऱ्यांच्या मनात घर करून असते. प्रत्यक्षात चांगला माल आणि त्याची गरज असलेला खरेदीदार यांची गाठ पडत नाही, म्हणून तो माल मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. मसाल्याच्या कारखान्याला अमुक प्रतीची हळद हवी असते; ती हळद एखाद्या गावच्या गोदामात पडून असते; आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. हे अंतर कमी करण्याचे एक साधन आज जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याच्या खिशात आहे. ते म्हणजे हातातील फोन व त्यावरील समाजमाध्यमे. परंतु ही माध्यमे वाढदिवसाच्या शुभेच्छा देण्यासाठी वापरणे निराळे आणि दहा-वीस टन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याशी संबंध जोडण्यासाठी वापरणे निराळे. या दुसऱ्या उपयोगाची पद्धत येथे हळदीचे उदाहरण घेऊन सांगितली आहे. इतर टिकाऊ शेतमालासही ती थोड्या फरकाने लागू पडते.

उत्पादक कंपनी आणि तिची गरज

कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी स्थापन करण्याची सोय झाली. किमान १० उत्पादक एकत्र आले तर अशी कंपनी नोंदविता येते. एकट्या शेतकऱ्याजवळ २०-२५ क्विंटल हळद असते व तेवढ्यासाठी दूरचा खरेदीदार गाडी पाठवीत नाही. शंभर सभासदांचा माल प्रतवारी करून एकत्र केला, तर मात्र तो दखल घेण्याजोगा होतो. म्हणून समाजमाध्यमांतून घाऊक खरेदीदारांकडे जावयाचे, तर ते कंपनीच्या नावाने जावे, हे श्रेयस्कर. प्रत्येक सभासदाने आपापली स्वतंत्र जाहिरात सुरू केल्यास खरेदीदाराचा गोंधळ होतो आणि सभासदच एकमेकांचा भाव पाडतात.

व्यापारी गिऱ्हाईक कसा विचार करतो

घरगुती गिऱ्हाईक एक किलो हळद घेते, आवडली तर पुन्हा घेते. व्यापारी, कारखानदार किंवा निर्यातदार हा माल पुढे विकण्यासाठी अथवा त्यावर प्रक्रिया करण्यासाठी घेतो. त्याचे स्वतःचे गिऱ्हाईक पुढे उभे असते. त्यामुळे सुंदर चित्र किंवा गोड शब्द यांनी तो भुलत नाही. जात कोणती, प्रत कोणती, माल किती, ओलावा किती, माल कोठे आहे, कधी मिळेल आणि कोणत्या अटींवर मिळेल, हे प्रश्न त्याच्या मनात असतात. या प्रश्नांची उत्तरे जो विचारण्यापूर्वीच देतो, त्याच्याकडे त्याचे लक्ष जाते. दुसरे असे की, तो पहिल्याच संदेशावर खरेदी करीत नाही. एखादा हंगाम तो नुसता पाहत राहतो. कळविलेला माल व प्रत्यक्षातील माल यांत मेळ आहे काय, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते काय, याची तो पारख करतो. म्हणून या कामात उतावीळपणा उपयोगी नाही.

कोणते माध्यम कशासाठी वापरावे

सर्व माध्यमांचा गुण सारखा नसतो. प्रत्येकाचा स्वभाव ओळखून त्याला काम द्यावे.

व्हॉट्सअॅप हे सौद्याच्या बोलणीचे माध्यम होय. व्यवसायासाठी त्याची वेगळी आवृत्ती जानेवारी २०१८ पासून उपलब्ध असून ती विनामूल्य आहे. तीत कंपनीचे नाव, पत्ता व कामाची वेळ देता येते, मालाची सचित्र सूची ठेवता येते, तसेच नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे तयार करून ठेवता येतात. ब्रॉडकास्ट यादी करून एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे धाडण्याची सोयही तीत आहे. मात्र ज्या खरेदीदाराने कंपनीचा क्रमांक आपल्या फोनमध्ये नोंदवून ठेवला असेल, त्यालाच असा संदेश पोचतो. म्हणून पहिल्या भेटीतच क्रमांक नोंदवून घेण्याची विनंती करावी.

खरेदीदारांचा एकत्र गट करणे मात्र सहसा टाळावे. गटात प्रत्येकाचा क्रमांक व प्रत्येकाचा देकार सर्वांना दिसतो. कोणताही व्यापारी आपला भाव प्रतिस्पर्ध्यासमोर सांगत नाही. गट हा सभासद शेतकऱ्यांसाठी योग्य. खरेदीदारांसाठी स्वतंत्र संदेशच योग्य.

फेसबुकवर व्यक्तीच्या नावाचे खाते न वापरता कंपनीच्या नावाचे पान उघडावे. व्यक्तिगत खात्यात मित्रांची संख्या ५,००० पर्यंतच मर्यादित असते. पानाला तशी मर्यादा नाही, आणि त्याचा कारभार एकाहून अधिक जणांकडे सोपविता येतो. नवा खरेदीदार कंपनीची चौकशी करू लागला, म्हणजे प्रथम हे पान पाहतो. तेथे मागील दोन-तीन वर्षांच्या कामाची संगतवार नोंद आढळली, तर त्याची निम्मी शंका तेथेच फिटते.

यूट्यूब हे काम दाखविण्याचे माध्यम आहे. हळद काढणी, शिजविणे, वाळविणे व पॉलिश करणे या क्रिया कशा केल्या जातात, हे तीन-चार मिनिटांच्या चित्रफितीत दाखविता येते. ही चित्रफीत वर्षानुवर्षे राहते व शोधणाऱ्यास सापडते. लिंक्डइन हे माध्यम मोठ्या कारखान्यांचे खरेदी अधिकारी व निर्यातदार यांच्या वापरात असते. ज्या कंपनीजवळ चाचणी अहवाल व सातत्याने देता येईल एवढा माल आहे, तिनेच तेथे जावे.

आरंभ करणाऱ्या कंपनीने चारही माध्यमे एकदम हाती घेऊ नयेत. व्हॉट्सअॅप व एखादे पान, एवढ्यावर पहिला हंगाम काढावा. अर्धवट सोडून दिलेले पान हे बंद पडलेल्या दुकानासारखे दिसते.

संदेशात काय असावे

खरेदीदारास पाठवावयाचा संदेश थोडक्यात व पूर्ण असावा. पुढील नमुना पाहावा. त्यातील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

“हळद, जात सेलम. पॉलिश केलेली हळकुंडे. लॉट क्रमांक ३. एकूण माल १२ मेट्रिक टन. ५० किलोची २४० पोती. ओलावा ९.५ टक्के. कुरकुमीन ३.४ टक्के. प्रयोगशाळेचा अहवाल सोबत जोडला आहे. माल कंपनीच्या गोदामात पाहावयास मिळेल. भाव गोदामातून उचल या अटीवर. नमुना मागितल्यास दुसऱ्या दिवशी रवाना होईल. देकार शुक्रवारी सायंकाळी ५ वाजेपर्यंत कळवावा. संपर्क : कार्यालय, सकाळी १० ते सायंकाळी ६.”

या संदेशात विशेषण एकही नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘अत्युत्तम’, ‘एक नंबर’, ‘खात्रीशीर’ हे शब्द सर्वच विक्रेते वापरतात. म्हणून त्यांना काही किंमत उरलेली नाही. ओलाव्याचा आकडा मात्र थोडेच देतात. अन्नसुरक्षा मानकांनुसार अखंड हळदीत ओलावा १२ टक्क्यांहून अधिक नसावा व लेड क्रोमेटचा अंश मुळीच नसावा. या दोन्ही बाबींचा अहवाल ज्या लॉटबरोबर असतो, त्यावर खरेदीदार अधिक विश्वासाने विचार करतो. हळकुंडे व गड्डे यांची सरमिसळ करू नये. दोहोंचा संदेश वेगळा व भावही वेगळा असावा.

सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. असे मानांकन नाव वाढविते, परंतु ते वापरण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या वापरकर्त्यांनाच असतो. नोंदणी नसताना संदेशात त्याचा उल्लेख करू नये.

संदेशाची भाषाही खरेदीदाराच्या सोयीची असावी. मुंबईच्या व राज्याबाहेरच्या पेढ्यांस हिंदीत, तर निर्यातदारांस इंग्रजीत मजकूर पाठविणे उपयुक्त ठरते. यासाठी गावातील शिकलेल्या मुलामुलींचे साह्य घ्यावे.

छायाचित्र आणि नमुना

छायाचित्र दिवसा, मोकळ्या उजेडात, पांढऱ्या कापडावर माल पसरून घ्यावे. रंग खुलविण्याची जी साधने फोनमध्ये असतात ती वापरू नयेत. हळदीचा व्यापारी हळकुंड मोडून आतील रंग पाहतो, हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून अखंड हळकुंडांबरोबर मोडलेल्या हळकुंडांचेही चित्र घ्यावे. शेजारी मोजपट्टी ठेवल्यास लांबीची कल्पना येते. पोत्यावरील लॉट क्रमांक चित्रात दिसला पाहिजे.

नमुना निवडून काढण्याचा मोह हा या धंद्यातील सर्वांत महाग पडणारा मोह आहे. समजा, २४० पोत्यांच्या लॉटमधून दोन उत्तम पोती पाहून त्यांतील हळकुंडे नमुन्यास पाठविली. खरेदीदाराने त्यावर भाव ठरविला व माल पोचल्यावर तो निराळा निघाला. मग एक तर भावात काट धरली जाते, नाही तर गाडी परत येते. दोन्ही बाजूंचे भाडे, हमाली व घट यांचा बोजा सभासदांवर पडतो. पण खरे नुकसान याहून मोठे असते. ज्या फोनवरून कंपनीची कीर्ती पसरावयाची, त्याच फोनवरून तिची अपकीर्ती एका दुपारी सर्व पेठेत पोचते. तेव्हा नमुना शक्य तितक्या अधिक पोत्यांतून, वरच्या, मधल्या व खालच्या थरातून मूठ मूठ घेऊन, सर्व एकत्र मिसळून काढावा. त्याचे तीन भाग करावेत : एक खरेदीदारास, एक प्रयोगशाळेस व एक मोहोरबंद करून कंपनीजवळ. पुढे वाद उद्भवल्यास हा तिसरा भाग उपयोगी पडतो.

ज्या सभासदाची हळद नीट शिजलेली अथवा वाळलेली नाही, तिला त्या लॉटमध्ये स्थान देऊ नये. हे सांगणे संचालकांस अवघड जाते, कारण सभासद हा शेजारी किंवा भाऊबंद असतो. तरीही एकाच्या पोत्यासाठी शंभरांचा भाव घालविणे हा न्याय नव्हे. अशा सभासदाचा माल वेगळ्या लॉटमध्ये, त्याच्या खऱ्या प्रतीनुसार विकून द्यावा, म्हणजे त्याचेही हित साधते.

वर्षभराचा क्रम

विक्रीच्या वेळीच संदेश पाठविणाऱ्यास कोणी ओळखत नाही. ओळख वर्षभर राखावी लागते. परंतु संदेश थोडे व कामाचे असावेत. हळदीसाठी पुढील क्रम सोयीचा आहे.

जुलै : लागवडीखालील क्षेत्र व जात.
ऑक्टोबर : पिकाची स्थिती, अतिवृष्टी अथवा कंदकुजीमुळे नुकसान झाले असल्यास तेही.
जानेवारी : अपेक्षित उत्पादनाचा अंदाज.
फेब्रुवारी व मार्च : काढणी, शिजविणे व वाळविणे यांची चित्रे.
मार्च ते मे : तयार लॉटची माहिती, अहवाल व भाव.
त्यानंतर : गोदामातील शिल्लक, महिन्यातून एकदा.

नुकसानीची वार्ता लपवू नये. खरेदीदारास ती अन्य मार्गाने कळतेच. आपण होऊन सांगितल्यास पुढच्या आकड्यावर त्याचा विश्वास बसतो. सकाळचे सुविचार, सणांची चित्रे, राजकीय मजकूर व ऐकीव बातम्या कंपनीच्या क्रमांकावरून कदापि पाठवू नयेत. अशा संदेशांना कंटाळून खरेदीदार क्रमांक बंद करतो. अनेकांनी तसे केल्यास किंवा तक्रार नोंदविल्यास, त्या क्रमांकाचे खातेच व्हॉट्सअॅपकडून बंद होण्याचा संभव असतो.

बोलणे दोन्ही बाजूंनी व्हावे

संदेश धाडला म्हणजे काम संपले, असे नाही. याबाबत महाराष्ट्रातील एक जुना प्रयोग बोधप्रद आहे. डिसेंबर १९५६ ते एप्रिल १९५७ या काळात तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत, १५० गावी, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालविली. मंडळातील लोक कार्यक्रम एकत्र ऐकत, त्यावर चर्चा करीत व आपले प्रश्न केंद्राकडे कळवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात भरीव वाढ दिसली. जेथे नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हते, तेथे ती फार थोडी आढळली. साधन तेच असूनही फरक पडला तो चर्चेमुळे. हाच नियम आजच्या माध्यमांसही लागू आहे. दहा संदेश धाडण्यापेक्षा खरेदीदाराच्या एका प्रश्नाला नेमके उत्तर देणे अधिक फलदायी ठरते.

यासाठी कार्यालयात पुढील शिस्त असावी. आलेल्या प्रत्येक विचारणेस त्याच दिवशी उत्तर जावे. माहिती तयार नसेल, तर ती केव्हा मिळेल तेवढे तरी कळवावे. भाव सांगण्याचा अधिकार एकाच व्यक्तीस असावा. माल नसेल तर ‘नाही’ असे स्पष्ट लिहावे. फोनवर ठरलेली गोष्ट लगेच लेखी संदेशाने पक्की करावी : माल, भाव, वजन कोठे धरणार, भाडे कोणाचे, पैसे केव्हा. सौदा जमल्यावरही बीजक, वाहतुकीचे कागद व बाजारविषयक नियम पाळावयाचेच असतात. समाजमाध्यम हे त्यांची जागा घेत नाही.

क्रमांक कंपनीचा, नोंदवही कागदाची

कंपनीसाठी घेतलेला फोन क्रमांक कंपनीच्याच नावावर असावा. तो एखाद्या संचालकाच्या अथवा नोकराच्या नावावर असला आणि ती व्यक्ती सोडून गेली, तर वर्षांची ओळख तिच्याबरोबर जाते. त्याचप्रमाणे कोणत्याही एका माध्यमावर सर्व भिस्त ठेवू नये. टिकटॉकवर खेड्यापाड्यांतील अनेकांनी हजारो अनुयायी मिळविले होते; जून २०२० अखेर भारतात त्यावर बंदी आली आणि ते सर्व एका रात्रीत नाहीसे झाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक व व्हॉट्सअॅप कित्येक तास बंद पडले होते. म्हणून खरेदीदाराचे नाव, पेढी, गाव, फोन, त्याला लागणारी प्रत व मागील व्यवहार यांची नोंद कागदी वहीत ठेवावी. ही वही हेच कंपनीचे खरे भांडवल समजावे.

फसवणुकीपासून सावधगिरी

अनोळखी खरेदीदार जसा लाभतो, तसा अनोळखी ठकही लाभतो. मोठी मागणी, बाजारापेक्षा चढा भाव व फार घाई या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, म्हणजे थांबावे. पुढील नियम कटाक्षाने पाळावेत.

१. खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर तपासावा व पेढीच्या पत्त्याची खातरजमा करावी.
२. पहिला व्यवहार लहान ठेवावा व रक्कम बँकेत जमा झाल्यावरच गाडी सोडावी. पैसे भरल्याच्या पावतीचे चित्र हा पुरावा नव्हे. बँकेचे खाते पाहावे.
३. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक कधीही द्यावा लागत नाही. तो मागणारा फसविणाराच होय.
४. सभासदांचे आधार, सातबारा किंवा बँक पुस्तक यांची चित्रे कोणत्याही गटात टाकू नयेत.
५. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी. जितकी त्वरा, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

परिणामांची मोजणी

किती लोकांनी चित्र पाहिले व किती अंगठे मिळाले, हा हिशेब घाऊक विक्रीत फारसा उपयोगाचा नाही. समजा, ६० खरेदीदारांना लॉटची माहिती धाडली. त्यांपैकी १८ जणांनी विचारणा केली, ७ जणांनी नमुना मागविला, ३ जणांनी माल घेतला व १ जण पुढच्या हंगामात पुन्हा आला. हे पाच आकडे दरवर्षी लिहून ठेवावेत. विचारणाच कमी असेल, तर यादी किंवा संदेश सदोष आहे. विचारणा पुष्कळ पण नमुन्याची मागणी थोडी, तर भाव किंवा अटी पाहाव्यात. नमुना गेला पण सौदा झाला नाही, तर मालाच्या प्रतीत दोष शोधावा. आणि पुन्हा येणारा कोणीच नसेल, तर दिलेल्या शब्दात व पाठविलेल्या मालात अंतर पडले आहे, असे समजावे. पुन्हा येणाऱ्या खरेदीदारांची संख्या वाढणे, हेच यशाचे गमक होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

या कामात कार्यकर्त्यांनी स्वतः विक्रेता होऊ नये, शिकविणारा व्हावे. हंगामापूर्वी सभासदांची एक बैठक घेऊन प्रतवारी, नमुना काढणे व छायाचित्र घेणे यांचे प्रात्यक्षिक दाखवावे. शेजारच्या मोठ्या बाजारपेठेत संचालकांस नेऊन पाच-दहा पेढ्यांची समक्ष ओळख करून द्यावी. समक्ष भेटलेल्या माणसाचा संदेश उघडून वाचला जातो. सांगलीबरोबरच निजामाबाद व इरोड येथील भावही सभासदांच्या गटात नियमाने कळवावेत, म्हणजे देकार आल्यावर तो योग्य की अयोग्य, हे त्यांस ठरविता येईल.

फोन हे साधन नवे असले, तरी त्याच्या आधारे चालणारा व्यवहार जुनाच आहे. वजन खरे, प्रत खरी आणि शब्द खरा, या तीन गोष्टी ज्या कंपनीजवळ आहेत, तिची माहिती हे साधन दूरवर नेईल. ज्या कंपनीजवळ त्या नाहीत, तिचे उणेपणही ते तितक्याच वेगाने नेईल. म्हणून पहिला संदेश धाडण्यापूर्वी संचालकांनी एकदा गोदामात जाऊन पोती उघडून पाहावीत, आणि मगच फोन हाती घ्यावा.